हुकमाचा एक्का गेल्यावर

१० जुलै २०२१. मायामीच्या मैदानावर पाचव्या डावात जॅझ चिझमने मारलेला उंच फटका राइट फील्डच्या भिंतीकडे निघाला आणि अटलांटा ब्रेव्हजचा रोनाल्ड अकुन्या ज्युनियर त्याच्यामागे धावला. त्याने झेप घेतली, चेंडू हाती लागला नाही, आणि भिंतीलगतच्या मातीच्या पट्ट्यावर उतरताना त्याचा उजवा पाय वेडावाकडा पडला. चेंडू मोकळा, अकुन्या गुडघा धरून खाली, आणि चिझम तोवर चारही बेस पळून घरी पोचलेला. अकुन्याला गाडीत घालून मैदानाबाहेर न्यावे लागले. तपासणीत गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध पूर्ण फाटल्याचे निघाले आणि तेवीस वर्षांच्या या खेळाडूचा हंगाम तिथेच आटोपला. तोवर ८२ सामन्यांत त्याने २४ होम रन मारले होते आणि १७ बेस चोरले होते. ब्रेव्हजची बरीचशी भिस्त त्याच्यावर होती आणि तरीही संघ धड चालत नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑल-स्टार सामन्याची सुट्टी लागली तेव्हा खात्यावर ४४ विजय आणि ४५ पराभव होते, आणि गटात न्यूयॉर्क मेट्स व फिलाडेल्फिया यांच्यामागे तिसरा नंबर. एक्का हातात असताना ही गत, तर तो गेल्यावर प्लेऑफची गोष्ट कोण काढणार? २ नोव्हेंबरच्या रात्री ह्यूस्टनमध्ये याच संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली.

अमेरिकेत या विजयाचे वर्णन चमत्कार म्हणून झाले, जिद्दीची कहाणी म्हणूनही झाले. जिद्द होती हे खरेच, पण जिद्द हरणाऱ्या संघांतही असते. तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. आकडे आणि तारखा नीट लावून पाहिल्या तर वेगळेच दिसते. बिनीचा खेळाडू जायबंदी झाल्यावर संघाला आशा धरता येईल की नाही, हे तो किती मोठा होता यावरून फारसे ठरत नाही. तो कोणत्या तारखेला गेला, त्याच्या जाण्याची खात्री किती लवकर झाली आणि उरलेल्या जागांवर कोण उभे होते, यावरून ठरते.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हे पटायला जरा जड जाते, आणि त्याला कारण आहे. एप्रिल १९९८ मध्ये शारजात सचिन तेंडुलकरने एका आठवड्यात १४३ आणि १३४ धावा ठोकून मालिका ओढून आणली, कारण क्रिकेटमध्ये बाद होईपर्यंत फलंदाजाला कोणी हटवू शकत नाही. बेसबॉलमध्ये ती सोयच नाही. नऊ जणांची रांग ठरलेली असते. होम रन मारला तरी परत येऊन बाकावर बसायचे आणि आणखी आठ जण होईपर्यंत वाट पाहायची. एका सामन्यात संघाला साधारण अडतीस वेळा बॅट हातात घेता येते. त्यातल्या चार-पाच पाळ्या सर्वोत्तम खेळाडूच्या वाट्याला येतात, आणि सर्वात कच्च्या खेळाडूच्याही जवळपास तेवढ्याच. नवव्या डावात, दोन धावा हव्या असताना, रांगेत आठवा असलेला खेळाडू समोर आला तर आपला हुकमी गडी पाठवता येत नाही. पिचरची बाजू थोडी निराळी आहे; तो आपल्या दिवशी सामना एकहाती खेचतो, पण पुढचे चार दिवस त्याला विश्रांती द्यावी लागते. थोडक्यात, कोणाही एका माणसाला फार काही करता येऊ नये अशीच या खेळाची घडण आहे.

त्यामुळे ताऱ्याची किंमत विजयांत मोजता येते, आणि ती ऐकून बहुतेकांची निराशा होते. ढोबळ हिशेब असा, की जादा मिळवलेल्या किंवा वाचवलेल्या दर दहा धावांमागे हंगामात एक विजय वाढतो. या हिशेबाने, सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत अख्ख्या हंगामात आठ-दहा विजय जास्त देणारा खेळाडू म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम, किंवा त्याच्या अगदी जवळचा. हंगाम १६२ सामन्यांचा. अकुन्या निम्मा हंगाम खेळून गेला, म्हणजे पुढच्या निम्म्यात ब्रेव्हजचे नुकसान फार तर तीन-चार विजयांचे होते. हा आकडा लहान नाही, चुरशीच्या गटात तेवढ्यावर प्लेऑफ हुकतो. पण तो आवाक्यातला आहे. संघाचे सूत्रधार ॲलेक्स अँथोपोलस यांच्यापुढचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ सोपा झाला. दुसरा अकुन्या बाजारात नव्हताच. चार विजय मात्र मिळण्यासारखे होते.

ते कुठून मिळाले हे पाहण्यासारखे आहे. अकुन्या पडण्याआधीच ब्रेव्हजचे आउटफिल्ड उघडे पडले होते. मार्सेल ओझुना मे महिन्यात बोटे मोडून बाहेर गेला आणि पुढे कौटुंबिक हिंसाचाराच्या आरोपात अटक झाल्याने त्या हंगामात परत आलाच नाही. सेंटर फील्डसाठी तयार केलेला तरुण ख्रिस्तियान पाचे बॅट घेऊन उभा राहिला की नऊ वेळांत एकदा हिट मारत होता. म्हणजे तीनपैकी दोन जागा आधीच रिकाम्यासारख्या, आणि आता तिसरीही. वरवर पाहता ही आपत्ती आहे. हिशेबाच्या नजरेने मात्र तीच संधी होती, कारण जिथे अगदीच काही नाही तिथे साधारण खेळाडू आणूनही मोठा फरक पडतो. १५ जुलैला शिकागोकडून जॉक पीडरसन आला. ३० जुलैला, ट्रेडची म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपता संपता, मायामीकडून ॲडम डुव्हॉल, कॅन्सस सिटीकडून होर्हे सोलर आणि क्लीव्हलँडकडून एडी रोझारिओ आले. सोलर त्या वेळी इतका वाईट खेळत होता की त्याची सरासरी, म्हणजे साधारण दर पाळीमागचे हिट, .१९२ वर घसरली होती. रोझारिओ पोटाचा स्नायू दुखावून जायबंदींच्या यादीतच पडून होता. त्याच्या बदल्यात क्लीव्हलँडने पाब्लो सँडोव्हाल घेतला आणि लगेच सोडूनही दिला. क्लीव्हलँडला खेळाडू नको होता, पगाराचे ओझे उतरवायचे होते. चौघांपैकी एकासाठीही ब्रेव्हजने आपल्या उमेदवारीतला पहिल्या फळीचा तरुण दिला नाही. या चौघांनी मिळून उरलेल्या हंगामात ब्रेव्हजसाठी ४४ होम रन मारले. अर्थात चार जणांच्या पाळ्यांची एकाच्या पाळ्यांशी थेट तुलना करणे अन्यायाचे होईल, पण संघाची गरजच एका जागेची नव्हती, तीन जागांची होती.

यातल्या डुव्हॉलचा हिशेब विशेष बोलका आहे. मायामी आणि अटलांटा मिळून त्याने त्या वर्षी ११३ धावा घरी आणल्या, नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक, आणि राइट फील्डमधल्या क्षेत्ररक्षणासाठी गोल्ड ग्लव्हही पटकावला. लीगचा आघाडीचा धावा आणणारा खेळाडू जुलैच्या शेवटच्या दिवसांत जवळजवळ फुकट मिळत होता, याचे कारण मायामी तळाशी होती आणि तिला पुढच्या वर्षाचे वेध लागले होते. अँथोपोलस यांची हुशारी मान्य करू, पण बाजार उघडा होता ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट बातम्यांत कमी आली, कारण न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. ब्रेव्हजचे इनफिल्ड अख्खे हंगामभर उभे राहिले. फ्रेडी फ्रीमन १५९ सामने खेळला, ऑझी अल्बीस १५६, डॅन्सबी स्वॉन्सन १६० आणि ऑस्टिन रायली १६०. त्यांचे होम रन अनुक्रमे ३१, ३०, २७ आणि ३३. नऊ जणांच्या रांगेत चार जागा अशा भक्कम असल्या तर उरलेल्या जागांवर ठिगळ लावून भागते. संघाने हंगामात ७९० धावा केल्या आणि ६५६ दिल्या. मधल्या सुट्टीच्या वेळी विजयांपेक्षा पराभव जास्त असतानाही दिलेल्या धावांपेक्षा केलेल्या धावा जास्तच होत्या. म्हणजे संघ त्याच्या खात्यावर दिसत होता त्यापेक्षा बरा होता, अटीतटीचे सामने तेवढे निसटत होते. सुधारणा झटपट झाली असेही नाही. जुलैच्या उत्तरार्धात एक जिंक, एक हर असा पोरखेळ चालला होता, आणि ६ ऑगस्टला त्या हंगामात पहिल्यांदाच विजयांचा आकडा पराभवांच्या पुढे गेला. सुट्टीनंतरचा हिशेब ४४ विजय, २८ पराभव असा झाला आणि ब्रेव्हज फिलाडेल्फियाच्या साडेसहा सामने पुढे राहून गटात पहिले आले.

आता तारखेचा मुद्दा. त्यासाठी दोन वर्षे मागे, २०१९ च्या मिलवॉकीकडे जावे लागते. त्यांचा ख्रिश्चन येलिच आदल्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, आणि या वर्षीही ४४ होम रन, .३२९ सरासरी. १० सप्टेंबरला, योगायोगाने मायामीतच, स्वतःच्याच बॅटची कड लागून उडालेला चेंडू त्याच्या उजव्या गुडघ्यावर बसला आणि वाटी फुटली. मिलवॉकीने हाय खाल्ली नाही. सप्टेंबरात २० सामने जिंकून त्यांनी वाइल्ड कार्डची, म्हणजे गट न जिंकताही प्लेऑफला नेणारी जागा मिळवली. इथपर्यंत गोष्ट अटलांटासारखीच आहे. फरक हा, की ट्रेडची मुदत जुलैअखेर संपली होती. त्या वर्षापासून ऑगस्टमधल्या मागच्या दाराच्या अदलाबदलीही बंद झाल्या होत्या. घरात होते त्यातच भागवायचे होते. १ ऑक्टोबरला वॉशिंग्टनविरुद्धच्या एकमेव बाद सामन्यात आठव्या डावापर्यंत मिलवॉकी ३-१ ने पुढे होती. दोन जण बाद, तिन्ही बेस भरलेले, आणि हुआन सोटोचा फटका राइट फील्डमध्ये गेला. तिथे येलिचच्या जागी बावीस वर्षांचा नवखा ट्रेंट ग्रिशम उभा होता. चेंडू त्याला चकवून मागे गेला, तिघेही घरी पोचले, ४-३. त्या मुलावर खापर फोडणे सोपे आहे, पण सप्टेंबरात मोकळी झालेली जागा भरायला संघाकडे दुसरे कोणी नव्हते, आणणार कुठून? अकुन्याच्या दुखापतीनंतर मुदत संपायला वीस दिवस होते. तेवढ्या वीस दिवसांत सगळा फरक आला.

खात्रीचा मुद्दा मेट्सच्या बाबतीत दिसतो, आणि मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. अकुन्या पडला त्याच आठवड्यात, ७ जुलैला, मेट्सचा जेकब डीग्रॉम त्या हंगामातला शेवटचा सामना खेळला. १५ सामन्यांत त्याची दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी १.०८ होती, असे आकडे पिढीत एखादाच पिचर नोंदवतो. पण डीग्रॉमची दुखापत अकुन्यासारखी निःसंदिग्ध नव्हती. हाताला सूज आहे, थोडी विश्रांती, मग पुन्हा फेकून पाहू, दोन आठवड्यांनी बघू, असे चालले होते. त्याचे परतणे आणखी लांबणार हे जाहीर झाले तेही ३० जुलैलाच, मुदत संपण्याच्या दिवशी. मेट्स गटात आघाडीवर होते, शंभराहून जास्त दिवस राहिले, त्यांनी हावियर बाएससारखा नावाजलेला फलंदाजही आणला. ऑगस्टमध्ये डॉजर्स आणि जायंट्सविरुद्ध लागोपाठ तेरा सामने आले, त्यातले अकरा हरले, आणि शेवट ७७ विजय, ८५ पराभवांवर झाला. एकट्या डीग्रॉमवाचून हे झाले असे म्हणणे वर मांडलेल्या हिशेबाला सोडून होईल. फलंदाजीही ढेपाळली होती. पण कायमचा गेलेला खेळाडू संघाला निर्णय घ्यायला लावतो आणि अर्धवट गेलेला तो लांबवायला लावतो, हे या दोन संघांच्या जुलैत स्पष्ट दिसते. अकुन्याच्या गुडघ्याने अटलांटापुढे शंकेला जागाच ठेवली नव्हती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: गट कमकुवत होता. आक्षेप खराच आहे. ८८ विजय हे त्या वर्षी प्लेऑफ गाठणाऱ्या दहा संघांत सर्वात कमी होते. पश्चिमेच्या गटात जायंट्सनी १०७ आणि डॉजर्सनी १०६ सामने जिंकले. तिथे ब्रेव्हज असते तर ऑगस्टमध्येच त्यांचा बाजार उठला असता आणि ३० जुलैची खरेदी वेडेपणाची ठरली असती. हे मी नाकारत नाही. आशा ही नेहमी शेजाऱ्यांच्या तुलनेतच मोजायची असते, आणि तीन-चार विजयांचे नुकसान कुठे परवडते व कुठे नाही हे गटच ठरवतो. पण कमकुवत गट मेट्सनाही तोच होता, फिलाडेल्फियालाही तोच होता.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. यशस्वी झालेले उदाहरण निवडून त्यावरून नियम काढला तर तो टिकेल कसा? म्हणून एक फसलेले उदाहरण घेऊ. २०१० चे विजेते सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, त्यांचा कॅचर बस्टर पोझी. २५ मे २०११ ला बाराव्या डावात होम प्लेटवर फ्लोरिडाच्या (म्हणजे आजच्या मायामी संघाच्या) स्कॉट कझिन्सने त्याला धडक दिली; पायाचे हाड मोडले, घोट्याचे अस्थिबंध फाटले. (अशा धडकांवर पुढे २०१४ मध्ये नियमाने बंधन आले.) इथे तारीख तर सोयीची होती, मुदतीला दोन महिने होते. दुखापतही निःसंदिग्ध. तरी जायंट्स ८६ विजयांवर अडकले आणि प्लेऑफ हुकला. का? एक तर कॅचर ही जागा वेगळी. चांगला बॅट चालवणारा कॅचर कोणी विकत नाही, आणि पोझीच्या जागी आलेल्यांची सरासरी .२०० च्या आसपास घुटमळली. पण मोठे कारण उरलेल्या रांगेत होते. त्या संघाने हंगामभरात ५७० धावा केल्या, लीगमध्ये सर्वात कमी. पोझी असताना जी दुबळी फलंदाजी झाकली जात होती ती उघडी पडली. आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी काय केले? ताऱ्याच्या बदल्यात तारा आणला. कार्लोस बेल्ट्रान, आणि त्याच्यासाठी झॅक व्हीलर हा तरुण पिचर देऊन टाकला, जो पुढे देशातल्या सर्वोत्तम पिचरमध्ये गणला गेला. बेल्ट्रानने ४४ सामन्यांत .३२३ च्या सरासरीने काम चोख बजावले. रांगेतल्या बाकीच्या जागा होत्या तशाच राहिल्या, आणि त्याच्या फटक्यांचा उपयोग झाला नाही. अटलांटाने नेमके उलटे केले होते. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देण्याऐवजी त्याला बळच देते, फक्त सोयीची तारीख एकटी पुरत नाही एवढी दुरुस्ती त्यातून घ्यावी लागते.

तिसरा आक्षेप नशिबाचा, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ऑक्टोबरातल्या छोट्या मालिकांत कोणाचेही काहीही होऊ शकते. डॉजर्सविरुद्ध रोझारिओने सहा सामन्यांत १४ हिट मारले, सरासरी .५६०, हे कोणत्याही नियोजनात बसत नाही. सोलरने वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात पहिलाच खेळाडू म्हणून येऊन होम रन मारला, जे याआधी पाहुण्या संघाच्या कोणीच केले नव्हते, आणि शेवटच्या सामन्यात त्याच्या तीन धावांच्या होम रनने निकाल ठरला. .१९२ वाला माणूस मालिकेचा मानकरी! मात्र त्याच पहिल्या सामन्यात दुसऱ्या डावात ब्रेव्हजचा पिचर चार्ली मॉर्टनच्या पायावर चेंडू आदळून हाड मोडले, तो तसाच आणखी सोळा चेंडू फेकून बाहेर गेला, आणि ब्रेव्हजचा दुसरा आधारस्तंभ कोसळला. पुढचे डाव मिंटर, मॅट्झेक, जॅक्सन, स्मिथ या बदली पिचरनी वाटून घेतले. चौथ्या सामन्याची सुरुवात तर डिलन ली या पोराने केली, ज्याने लीगमध्ये त्याआधी एकही सामना सुरू केला नव्हता. तो सामना ब्रेव्हजनी ३-२ ने जिंकला. नशिबाने साथ दिली, पण ज्या संघाकडे दोन-तीन जागी माणसे उभी होती त्यालाच तिचा उपयोग करून घेता आला. आणि नशिबाची दुसरी बाजूही आहे: २०२३ मध्ये अकुन्या ४१ होम रन आणि ७३ चोरलेले बेस घेऊन एकमताने सर्वोत्तम ठरला, संघ १०४ सामने जिंकला, आणि फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेत अकुन्या चौदा पाळ्यांत दोन हिटवर थांबला. चार सामन्यांत संघाच्या धावा आठ. तारा धडधाकट असणे हीसुद्धा हमी नव्हे.

हाच डाव पुन्हा टाकता येतो का, हे २०२४ ने तपासून पाहिले. २६ मेला पिट्सबर्गमध्ये अकुन्याच्या डाव्या गुडघ्याचा तोच अस्थिबंध फाटला. तारीख सोयीची, खात्री पूर्ण. ब्रेव्हजनी माणसेही तीच गोळा केली: डुव्हॉल हंगामापूर्वीच परत आला होता, रोझारिओला जुलैत पुन्हा बोलावले, सोलरला मुदतीच्या तोंडावर सॅन फ्रान्सिस्कोकडून आणले. डुव्हॉल .१८२ वर राहिला, रोझारिओ काही आठवडेही टिकला नाही, सोलर तेवढा बरा खेळला. पण या वेळी रांगेतल्या बाकीच्या जागाच ढासळत होत्या. २०२३ मध्ये वीस सामने जिंकलेला पिचर स्पेन्सर स्ट्रायडर एप्रिलमध्ये गेला, अल्बीसचे मनगट जुलैत मोडले, रायलीचा हात ऑगस्टमध्ये. बाजारही आता पूर्वीसारखा मोकळा नाही: २०२२ पासून प्लेऑफमध्ये दहाऐवजी बारा संघ जातात, त्यामुळे जुलैअखेर हात वर करणारे मायामीसारखे विक्रेते कमी आणि गिऱ्हाइके जास्त. तरीही त्या संघाने ८९ सामने जिंकले, २०२१ पेक्षा एक जास्त, आणि चक्रीवादळामुळे पुढे ढकललेल्या ३० सप्टेंबरच्या जोडसामन्यात मेट्सशी एक हरून एक जिंकून शेवटच्या दिवशी वाइल्ड कार्ड मिळवले. त्या दिवशी पिचिंगसाठी ज्याच्यावर भिस्त होती तो ख्रिस सेल, त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम पिचर, पाठ आखडल्याने खेळू शकला नाही. दुसऱ्याच दिवशी सॅन डिएगोविरुद्ध एकवीस वर्षांच्या ए. जे. स्मिथ-शॉव्हरला उतरवावे लागले. ४-० आणि ५-४, दोन दिवसांत मालिका संपली.